फादर थॉमस स्टीफन्स : आपल्या भाषेत सुवार्ता गाणारा धर्मगुरू



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत आणि सभांतून ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम ही नावे पुन्हा पुन्हा घेतली गेली. ती घेतली जावीत हे योग्यच आहे. पण याच मालिकेत आपल्या घरातलेही एक नाव आहे आणि ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही. ते नाव म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, धर्माने कॅथलिक, व्रताने येशूसंघीय आणि लेखणीने मराठी. तुकोबांचे अभंग महाराष्ट्राने ऐकले त्याच्याही आधी, १६१६ साली, या धर्मगुरूने प्रभू येशूचे चरित्र सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितले. त्या ग्रंथाला आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो.

आज त्यांचे चरित्र वाचायचे ते केवळ अभिमानासाठी नाही. देवाशी कोणत्या भाषेत बोलावे, ख्रिस्ती झाल्यावर आपल्या मातीचे काय ठेवावे आणि काय सोडावे, हे प्रश्न त्यांच्यापुढे होते. आपल्या खानदेशातल्या लहानशा ख्रिस्ती समाजापुढे ते आजही आहेत.

इंग्लंड सोडले

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडिलांचे नावही थॉमसच. ते व्यापारी होते. मुलाला चांगले शिक्षण मिळाले. घरची स्थिती पाहता एखाद्या व्यापारी पेढीवर त्यांचे आयुष्य सुखात गेले असते.

पण तो काळ इंग्लंडमधल्या कॅथलिकांसाठी कठीण होता. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या राजवटीत कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे झाले होते. मिस्सा लपूनछपून व्हायची. धर्मगुरूला आसरा देणाऱ्या घरावर संकट यायचे. पुढे १५८१ साली फादर एडमंड कॅम्पियन या येशूसंघीयाला लंडनमध्ये देहदंड देण्यात आला आणि त्यांच्या मागोमाग आणखी कितीतरी जणांना.

थॉमस यांचा थॉमस पाउंड नावाचा एक मित्र होता. पाउंड श्रीमंत घराण्यातला. त्याने राणीचा दरबारही पाहिला होता. पुढे त्याचे मन पालटले. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले. काही काळ थॉमस आपल्या मित्राचे नोकर असल्याचे भासवून त्याच्याबरोबर फिरले, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. परंतु निघण्यापूर्वीच पाउंडला पकडण्यात आले. त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे एकामागून एका तुरुंगात गेली. थॉमस एकटेच रोमला पोहोचले. १५७५ साली ते येशूसंघात दाखल झाले. तुरुंगातल्या मित्रालाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी तिथे रदबदली केली आणि ती मान्य झाली.

श्रद्धेसाठी काय सोडावे लागते हे थॉमस यांना तरुणपणीच कळले होते, ही गोष्ट पुढचे वाचताना ध्यानात ठेवावी. स्वतःच्या देशात त्यांना स्वतःच्या पद्धतीने प्रार्थना करता येत नव्हती.

सहा महिन्यांचा समुद्र

रोममध्ये त्यांनी पूर्वेकडे जाण्याची इच्छा व्यक्त केली. त्या वेळी हिंदुस्थानात जायचे म्हणजे पोर्तुगालच्या जहाजातून गोव्याला जायचे. ४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा ताफा लिस्बनहून निघाला. आफ्रिकेला वळसा घालून तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला लागला.

या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळवले. ते पत्र पुढे १५८९ साली इंग्लंडमध्ये छापले गेले. वारे, प्रवाह, मासे, पक्षी, दिशा कशी ओळखतात याची बारीक माहिती त्यात आहे. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मरण पावली. इतर वेळच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली, यावरून त्या प्रवासाची कल्पना येते. भारतात येऊन राहिलेला, ज्याची नोंद सापडते असा पहिला इंग्रज म्हणून इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली ती १६०० साली, म्हणजे त्यानंतर एकवीस वर्षांनी. कंपनी माल घ्यायला आली. हा माणूस सुवार्ता द्यायला आला होता आणि परत जाण्याचा विचार मनात ठेवून आला नव्हता.

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक सासष्टी भागात झाली. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मरण येईपर्यंत, ते बहुतांश त्याच भागात राहिले. कधी एखाद्या गावचे धर्मगुरू, कधी मडगावच्या विद्यालयाचे प्रमुख, कधी जुन्या गोव्यात येशूसंघाच्या घरी. इंग्लंडचे दर्शन त्यांना पुन्हा झाले नाही.

सासष्टीतले दिवस

इथे थोडे थांबून खरे ते सांगितले पाहिजे. फादर स्टीफन्स ज्या सासष्टीत आले ती शांत नव्हती. पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली त्या भागातली शेकडो देवळे पाडली होती. जुन्या धर्माच्या पोथ्या आणि विधी यांवर बंदी आली होती. काही लोक मनापासून ख्रिस्ती झाले, काही सोयीसाठी आणि काही भीतीपोटी. सुवार्तेचे काम आणि राजसत्तेचा बडगा एकाच रस्त्याने चालत होते. प्रभू येशूने कोणावर कधी जबरदस्ती केली नाही. त्याच्या नावाने ती झाली, हे आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालून मान्य करायला हवे. जुबिलीच्या २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांच्या हातून झालेल्या अशा चुकांसाठी देवाकडे जाहीर क्षमायाचना केली, ती याच जाणिवेने.

या तणावाचा स्फोट १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी गावात झाला. फादर रुदोल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती चर्चसाठी जागा पाहण्यास तिथे गेले होते. गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. त्यांच्याबरोबर गेलेले काही ख्रिस्ती लोकही मारले गेले. फादर अक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. आपल्या सोबत्यांचे देह परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. या पाच जणांना १८९३ साली धन्यवादित घोषित करण्यात आले. पण गोष्ट इथेच संपत नाही. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि चौकशीशिवाय त्यांची हत्या केली. रक्त दोन्ही बाजूंनी सांडले.

अशा वेळी माणसाच्या मनात काय येईल? ज्या लोकांनी आपले सोबती मारले त्यांच्याविषयी कटुता यावी, त्यांच्यापासून दूर जावे, हे मानवी आहे. फादर स्टीफन्स तिथेच राहिले आणि त्या लोकांची भाषा शिकत राहिले. त्याच वर्षी, १५८३ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांनी आपला भाऊ रिचर्ड यास पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीच्या हकिगतीबरोबरच इथल्या झाडांचे आणि इथल्या भाषांचेही वर्णन आहे. या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले. हाच विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडला आणि जगात त्यांचे नाव झाले. फादर स्टीफन्स यांना तो दोनशे वर्षे आधी सुचला होता. सोबत्यांच्या मृत्यूचे दुःख ताजे असताना ज्याला त्या लोकांच्या भाषेचे सौंदर्य दिसते, त्याचे मन प्रभूने किती मोठे केले असेल!

कैद्यांचा कैवारी

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक घटना घडली. हिंदुस्थानात व्यापाराची वाट शोधत निघालेल्या काही इंग्रजांना होर्मुझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात आणण्यात आले. हेरगिरीचा संशय होता. रॅल्फ फिच हा त्यांतला एक. ही माणसे फादर स्टीफन्स यांच्या देशाची, पण ज्या राजवटीने त्यांच्या मित्राला तुरुंगात कुजवले तिचीच प्रजा. मनात आणले असते तर फादरांना गप्प बसता आले असते. त्यांनी धावपळ केली आणि जामिनावर त्यांची सुटका व्हावी म्हणून मदत केली. पुढे १५८४ साली फिच गोव्यातून निसटला आणि विजापूर, गोवळकोंडा करत उत्तरेकडे गेला. त्याची वाट आपल्या खानदेशातून, बुऱ्हाणपुरावरून गेली. बुऱ्हाणपूर तेव्हा खानदेशच्या फारुकी राजांची राजधानी होते. तिथल्या सुती कापडाचे आणि मातीच्या घरांचे वर्णन फिचने लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्याला फादर स्टीफन्स यांनी तुरुंगातून सोडवले तो माणूस चारशे वर्षांपूर्वी आपल्या तापीकाठावरून चालत गेला.

पुढे काही वर्षांनी पिरार नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी गोव्याच्या कैदेत पडला. त्यालाही ज्यांनी साहाय्य केले त्यांत फादर स्टीफन्स यांचे नाव त्याने कृतज्ञतेने नोंदवले आहे. मी तुरुंगात होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात, हा मत्तयच्या शुभवर्तमानातला शेवटच्या न्यायाचा निकष आपण सर्व जाणतो. फादरांनी तो प्रवचनापुरता ठेवला नाही.

एका माणसाचा प्रश्न

आता ख्रिस्तपुराणाकडे वळू या. हा ग्रंथ का लिहिला, याचे उत्तर फादरांनी ग्रंथातच दिले आहे. ते सासष्टीत धर्मशिक्षण देत असता एका ब्राह्मणाने त्यांना विचारले, की आमच्या जुन्या पोथ्या तुम्ही बंद केल्या, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय? तुम्ही आम्हांस दुसरे पुराण का करून देत नाही?

हा प्रश्न साधा वाटतो, पण तो फार खोल आहे. त्या माणसाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी पोथी वाचली जात असणार. बायका ऐकत असतील, मुले मांडीवर झोपत असतील. कथा संपली की डोळे पुसून माणसे उठत असतील. धर्म बदलला आणि ते सगळे एका दिवसात थांबले. प्रश्नोत्तरे पाठ करायला मिळाली, आज्ञा मिळाल्या, पण रात्री दिव्याजवळ बसून ऐकावे असे काही मिळाले नाही. माणूस केवळ नियमांवर जगत नाही. त्याला कथा लागते, गाणे लागते, आपले दुःख ज्यात ओतता येईल अशी भाषा लागते.

फादर स्टीफन्स या प्रश्नावर रागावले नाहीत. विचारणारा अजून जुन्यातच अडकला आहे, असे म्हणून त्यांनी त्याला झिडकारले नाही. त्या प्रश्नात त्यांना भूक दिसली आणि त्यांनी ती भागवायचे ठरवले. एका इंग्रज माणसाने, वयाची साठी जवळ आल्यावर, परक्या भाषेत अकरा हजार ओव्या रचणे म्हणजे काय, याचा अंदाज आपल्यापैकी ज्यांनी एखादे भक्तिगीत रचून पाहिले असेल त्यांना येईल.

ओवीतला येशू

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाची उत्पत्ती, आदाम आणि एवेचे पतन, कुलपती, मोशे, राजे आणि संदेष्टे यांच्या कथा येतात. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचा जन्म, त्याचे कार्य, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण. म्हणजे संपूर्ण तारणाचा इतिहास. छंद निवडला तो ओवीचा. ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली ती ओवीत, एकनाथांनी भागवत सांगितले ते ओवीत. एकनाथ महाराज १५९९ पर्यंत पैठणला हयात होते, म्हणजे फादरांचे समकालीनच. आपल्या आया-आजींनी जात्यावर म्हटली तीही ओवीच. लोकांच्या कानाला जी चाल ओळखीची, तिच्यावरच फादरांनी सुवार्ता बसवली.

भाषा मराठी ठेवली, कारण पुराण मराठीत ऐकायची तिथली रीत होती. पण निव्वळ पंडिती मराठी साध्या माणसाला कळणार नाही म्हणून गोव्याच्या बोलीतले, म्हणजे कोंकणीतले, सोपे शब्द त्यांनी मिसळले आणि तसे करण्याचे कारणही सांगितले. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला. हे आपल्याला थोडे चमकवते. पण ऐकणाऱ्याला देवाचे घर म्हटल्यावर जो शब्द आठवतो तोच घेऊन त्यात ख्रिस्ती अर्थ भरायचा, ही त्यांची पद्धत. अथेन्सच्या अरियपगावर संत पौलाने तेच केले होते. लोकांना परिचित असलेल्या वेदीपासून सुरुवात करून त्याने त्यांना न ओळखलेल्या देवापर्यंत नेले. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या ज्या ओव्या फादरांनी ग्रंथाच्या आरंभी घातल्या, त्या आजही मराठीच्या पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत आढळतात. म्हणणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसते की त्या एका कॅथलिक धर्मगुरूच्या आहेत.

त्यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना लिहून इथल्या लिपीत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली. देवनागरीची जोडाक्षरे पुष्कळ, तेवढे खिळे पाडणे त्या काळी अवघड होते. ते काही जमले नाही. अखेर १६१६ साली राशोल येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. भाषा मराठी, अक्षरे परकी. तरीही लोकांनी तो उचलून धरला. रविवारी आणि सणांच्या दिवशी गावोगावच्या चर्चमध्ये त्याचे वाचन होऊ लागले. १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा छापावा लागला. याशिवाय कोंकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांनी लिहिले. ते १६२२ साली छापले गेले. कोंकणीचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. ही दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आली.

बंदीतून वाचलेले पुराण

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात देवाघरी गेले. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांत वारे फिरले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी आपली बोली सोडावी आणि पोर्तुगीज भाषाच वापरावी असे फर्मावले. ज्या भाषेत फादरांनी लोकांना प्रार्थना शिकवली, ती भाषाच मोडायला सत्ता निघाली. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज आढळात नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? साध्या घरांनी वाचवला. लोकांनी तो हाताने उतरून घेतला. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या बासनात त्याची हस्तलिखिते नेली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्यांच्या आधारे १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा छापला. पुढे लंडनच्या एका संग्रहात देवनागरी लिपीतले हस्तलिखितही सापडले. १९५६ साली पुण्याच्या शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केले. १६०८ साली जे मागितले होते ते साडेतीनशे वर्षांनी मिळाले. त्यानंतर फादर कारिदाद द्रागो यांनी १९९६ साली आणि फादर नेल्सन फलकाव यांनी २००९ साली नव्या आवृत्त्या काढल्या. गोव्यात पर्वरी येथे फादर स्टीफन्स यांच्या नावाने कोंकणी भाषेचे केंद्र उभे आहे.

आपल्यासाठी

आता आपल्याकडे पाहू या. आपला धर्मप्रांत नाशिक, १९८७ साली स्थापन झालेला. त्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे आपले भाग. इथला ख्रिस्ती समाज मूठभर. पण मूठभर माणसांत भाषा किती! कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी भिल्ली किंवा पावरी. रेल्वेच्या नोकरीनिमित्त भुसावळला आलेली कोंकणी, तमिळ, मल्याळम बोलणारी कुटुंबे. चर्चमध्ये मराठी, शाळेत इंग्रजी, मोबाइलवर हिंदी. या गर्दीत एक गोष्ट हळूहळू घडते आहे. आजी जी प्रार्थना म्हणते ती नातवाला कळत नाही आणि नातू जे पाठ म्हणतो ते आजीला कळत नाही. दोघे एकाच बाकावर गुडघे टेकतात, पण एकत्र प्रार्थना करत नाहीत.

आपल्या बोलीची लाज वाटणे हे त्याहून दुःखाचे. शेतावर, बाजारात अहिराणी बोलणारा माणूस चर्चच्या दारात आला की अवघडतो. देवासमोर शुद्धच बोलले पाहिजे असे त्याला वाटते, म्हणून तो गप्प राहतो. आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्या बोलीत त्यांनी जी गाणी रचली ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. माणसाचे खरे बोलणे त्याच्या घरच्या भाषेत असते. तिथेच तो रडतो, तिथेच हसतो. मग आपल्या तारणाऱ्याशी तो त्याच भाषेत का बोलणार नाही? पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांना एका भाषेत आणले नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेला वाट करून दिली. फादर स्टीफन्स या वाटेवर साडेतीनशे वर्षे आधी चालत होते.

दुसरी गोष्ट त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाची. आपणही एकमेकांना, विशेषतः नव्याने श्रद्धेत आलेल्यांना, काय करू नये हे पुष्कळ सांगतो. ही जत्रा नको, तो गंडा नको, ते गाणे नको. अंधश्रद्धा सोडायला सांगणे आपले कर्तव्यच आहे. पण सोडायला सांगितल्यावर हातात काय दिले, हा प्रश्न राहतो. होळीच्या दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याचा सारा पाडा नाचतो. त्या तरुणाला घरी बस एवढेच सांगितले तर तो एकटा पडेल. त्याच्या ढोलाला, त्याच्या नाचाला प्रभूच्या आनंदात जागा दिली तर तो आपला राहील. काय घ्यावे आणि काय टाकावे हे सोपे नाही. त्यासाठी प्रार्थना हवी, धर्मगुरूंचे मार्गदर्शन हवे आणि फादर स्टीफन्स यांच्यासारखे ऐकून घेणारे कान हवेत.

तिसरी गोष्ट घराची. ख्रिस्तपुराण हुकूम काढणाऱ्यांनी वाचवले नाही, घरांनी वाचवले. संध्याकाळी दिव्याजवळ बसून वाचणाऱ्यांनी वाचवले. आपल्या घरातले पवित्र शास्त्र कपाटावर आहे की हातात? या आठवड्यापासून रोज रात्री जेवणापूर्वी दहा मिनिटे शुभवर्तमानाचा एक उतारा मोठ्याने वाचू या. वाचणारा मराठीत वाचेल, मग घरातल्या थोरांनी तो घरच्या बोलीत मुलांना समजावून सांगावा. अहिराणी असो, पावरी असो, कोंकणी असो. मुलांनी थोरांची एक तरी जुनी प्रार्थना किंवा गीत वहीत उतरवून घ्यावे. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते धर्मग्राम कार्यालयात आणून दिले तर पुढच्या पिढीसाठी ते जपता येईल.

फादर थॉमस स्टीफन्स यांना संत घोषित करण्यात आलेले नाही आणि त्यांच्या नावाने सणही नाही. परक्या देशात येऊन ते आपले झाले, आपल्या भाषेवर त्यांनी आपल्यापेक्षा अधिक प्रेम केले आणि त्या भाषेत प्रभूला आपल्या अंगणात आणले. त्यांच्यासाठी आपण कृतज्ञतेची प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी माणूस झालास आणि गालीलच्या लोकांची बोली बोललास. तुझा सेवक थॉमस याने आमच्या भाषेत तुझी कथा गाइली, त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या घराघरांत तुझा शब्द पुन्हा मोठ्याने वाचला जावो. ज्यांना आपल्या बोलीची लाज वाटते त्यांना धीर दे. जे नवीन येतात त्यांचा प्रश्न ऐकण्याचे कान आम्हांला दे. आमेन.